सागरी अपघातांत माणसे नेमकी कशाने दगावतात?

प्रश्नकर्ते सातपूरचे आहेत. त्यांच्या मुलाची व्यापारी जहाजावर डेक कॅडेट (शिकाऊ अधिकारी) म्हणून निवड झाली आहे, शिवाय दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब घारापुरीला जाण्याचा बेतही आहे. पण नीलकमल लाँचची दुर्घटना घरच्यांच्या मनातून जात नाही. त्यांनी विचारले आहे की, एका अपघातात सगळे सुखरूप परततात आणि दुसऱ्यात शेकडो जण जातात, यामागे नशिबापलीकडे काही कारणे आहेत का, आणि पोहता येत असेल तर माणूस वाचतो का. मी मालवाहू जहाजांवर अधिकारी होतो, पुढे नव्या खलाशांना जीवरक्षणाचे प्रशिक्षण देत आलो आणि आता नाशिकला स्थायिक आहे. प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा असल्यामुळे उत्तर सविस्तर देतो.

प्रथम प्रश्नाची मांडणी थोडी बदलू या. जहाजाला अपघात होणे आणि त्या अपघातात माणसे जाणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो, परंतु त्यांची कारणे बहुधा वेगळी असतात. २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून दूर एमएससी एल्सा ३ हे कंटेनर जहाज बुडाले. पावसाळी हवा होती, समुद्र खवळलेला होता आणि जहाज मालासकट तळाला गेले, तरी त्यावरील २४ जणांपैकी एकही दगावला नाही. याउलट १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात, दिवसाउजेडी, शांत पाण्यात, किनारा नजरेच्या टप्प्यात असताना नीलकमलला इंजिनाची चाचणी चालू असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि एकूण १५ जणांचा जीव गेला. खोल समुद्र, वादळ, किनाऱ्यापासूनचे अंतर या ज्या गोष्टींची आपल्याला धास्ती वाटते, त्यांवरून मृतांचा आकडा ठरतोच असे नाही. अपघातापासून पाण्यात पडेपर्यंत माणसांच्या हाती किती वेळ होता, तो इतका थोडा का उरला आणि त्या वेळात कोणी काय सांगितले, यावर तो बराचसा ठरतो.

एल्सा ३ चेच पाहा. ते सुमारे २६ अंशांत कलले आणि तसेच रात्रभर तरंगत राहिले. पहिल्या संध्याकाळीच २१ जणांना बाहेर काढले गेले. कप्तान आणि दोन इंजिनीअर जहाज वाचते का हे पाहण्यासाठी मागे थांबले, आणि सकाळी परिस्थिती हाताबाहेर जाताच नौदलाच्या सुजाता या नौकेने त्यांनाही उतरवून घेतले. आता याच्या शेजारी ६ मार्च १९८७ ची घटना ठेवा. बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरातून निघालेली हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही फेरी पुढचे दार उघडे राहिल्यामुळे साधारण दीड मिनिटात आडवी झाली. पाणी इतके उथळ होते की तिचा निम्मा भाग वरच राहिला, बंदर मागे दिसत होते, तरीही १९३ जण गेले. २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री बाल्टिक समुद्रात एस्टोनिया या फेरीचा नाळेकडील (पुढच्या टोकाचा) भाग लाटांच्या माऱ्याने तुटला, आणि पहिल्या मोठ्या कलानंतर तासाभराच्या आत ती रडारवरून नाहीशी झाली. तिच्यावरील ९८९ पैकी ८५२ जण वाचले नाहीत. त्यांतले बहुसंख्य लोक बाहेरच्या डेकपर्यंत पोहोचूच शकले नव्हते.

हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. जहाज तीसएक अंशांत कलले की आतून बाहेर पडणे जवळजवळ अशक्य होते. जिन्याच्या पायऱ्यांवर पाय ठरत नाही, गुळगुळीत फरशीवरून माणूस घसरत खालच्या भिंतीवर जाऊन आदळतो, सुटे फर्निचर त्याच्या मागून येते, आणि जहाज पूर्ण आडवे झाले तर मघापर्यंत चालायची असलेली मार्गिका उभी होऊन बाहेरचे दार डोक्यावर येते. त्यात वीज गेलेली असते. तरुण, धडधाकट माणूस हातांच्या जोरावर चढून जाऊ शकेल. वयस्कर माणूस किंवा लहान मूल कडेवर असलेली आई जाऊ शकत नाही. म्हणून जहाज किती वेळात बुडाले यापेक्षा ते चालता येण्याच्या अवस्थेत किती वेळ राहिले, हे मी आधी विचारतो.

मग काही जहाजे इतक्या झटकन का उलटतात? याचे उत्तर स्थिरतेत आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण प्रवासी बोटींच्या दुर्घटनांत सर्वाधिक बळी याच कारणाने गेलेले मला दिसतात. जहाज एका बाजूला कलले की पाण्याचा दाब त्याला पुन्हा सरळ करू पाहतो. हे बळ जहाजाचे वजन किती खाली आहे यावर अवलंबून असते. वरच्या डेकवर माणसे आणि सामान चढवत गेले की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि सावरण्याची ताकद कमी होत जाते. आणि बोट जितकी अधिक लादली जाते तितकी तिची कड पाण्याच्या जवळ येते. पाणी आणि डेक यांच्यामधल्या या उंचीला आम्ही फ्रीबोर्ड म्हणतो. पुराचे पाणी किती चढले हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहून सांगतात, तशीच जहाजाच्या कुशीवर भाररेषेची खूण रंगवलेली असते आणि ती पाण्याखाली गेली की जहाज हलवायचे नसते. मोठ्या जहाजांवर ही खूण अधिकारी रोज पाहतात. छोट्या लाँचवर ती असली तरी धक्क्यावर वाकून ती पाहणारा माणूस क्वचितच भेटतो.

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. दिवस आषाढी अमावस्येचा होता, सणासाठी गावी निघालेल्या चाकरमान्यांनी बोट भरली होती, पाऊस आणि वारा सुटला होता. लाटांचे पाणी एका बाजूने आत येऊ लागताच घाबरलेली गर्दी दुसऱ्या बाजूला धावली, आणि आधीच कललेल्या बोटीला ते वजन सोसवले नाही. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळमधील तेक्कडीच्या जलाशयात जलकन्यका ही पर्यटक बोट उलटून ४५ जण गेले. तिथे वादळ नव्हते. काठावरचे प्राणी पाहायला प्रवासी एका बाजूला जमा झाले, एवढे निमित्त पुरले. सेनेगलच्या जूला या फेरीची क्षमता सहाशेच्या आतली होती. २६ सप्टेंबर २००२ च्या रात्री तिच्यावर त्याच्या तिपटीहून अधिक लोक होते, आणि गांबियाच्या किनाऱ्याजवळ ती काही मिनिटांत उलटल्यावर अठराशेहून अधिक माणसे गेली. काळ वेगळे, देश वेगळे, चालकही वेगळे. तरी क्षमतेपेक्षा जास्त किंवा चुकीच्या जागी वजन, पाण्याजवळ आलेली कड आणि गर्दीची एका बाजूला धाव ही साखळी तीच राहते.

याच विषयातली आणखी एक बाब बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. मोकळ्या, रुंद डेकवर थोडेसे जरी पाणी साचले, तरी ते जहाजाच्या प्रत्येक डोलाबरोबर एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे धावते आणि कल वाढवते. तळाच्या टाकीत काठोकाठ भरलेले शंभर टन पाणी निरुपद्रवी असेल, पण वाहनांच्या डेकवर घोट्याएवढे साचलेले पाणी जहाज उलटवू शकते. ३ फेब्रुवारी २००६ रोजी तांबड्या समुद्रात अल सलाम बोकाचिओ ९८ या फेरीवर आग लागली. आग विझवण्यासाठी मारलेले पाणी वाहनांच्या डेकवरून बाहेर जाईना, तिथेच साचत गेले, आणि अखेर जहाज आगीने नव्हे तर त्या पाण्याने उलटले. हजाराहून अधिक लोक गेले.

वेळ मिळाला की माणसे वाचतात, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. मिळालेला वेळ वाया घालवणारे अपघातही तितकेच आहेत. १६ एप्रिल २०१४ रोजी दक्षिण कोरियाची सेवोल ही फेरी परवानगीच्या दुपटीहून अधिक माल आणि कमी केलेले बॅलास्ट (जहाज स्थिर ठेवण्यासाठी तळाशी भरलेले पाणी) घेऊन जात असताना कलली. ती लगेच बुडाली नाही. पण प्रवाशांना आपापल्या जागीच थांबा अशा सूचना पुन्हा पुन्हा दिल्या गेल्या आणि कप्तान स्वतः आधी निघून गेला. ४७६ पैकी ३०४ जण गेले, त्यांत बहुतेक एकाच शाळेची मुले होती. सूचना ऐकणारी शहाणी मुले आत बसून राहिली, हे लिहिताना आजही हात थांबतो. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर घासली, तेव्हा जहाज सोडण्याचा आदेश द्यायला तासाहून अधिक उशीर झाला. तोवर कल इतका वाढला होता की एका बाजूच्या लाइफबोटी नीट खाली सोडता येईनात. चार हजारांवर माणसांपैकी ३२ जण गेले. किनारा हाताच्या अंतरावर नसता तर आकडा कुठे गेला असता, याचा विचारही नको वाटतो. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची आपत्कालीन जमवाजमव (नेमल्या जागी जमण्याचा सराव) अजून झालेली नव्हती. पुढे नियम बदलून ती जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणे बंधनकारक करण्यात आले.

कप्तानाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. जहाज सोडणे हा नेहमीच सुरक्षित पर्याय नसतो. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत वादळ आले आणि १५ शर्यतपटू मरण पावले. त्या वेळी २४ शिडाच्या नौका सोडून देण्यात आल्या, पण त्यांपैकी केवळ पाचच बुडाल्या. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. म्हणजे काही जणांनी तरंगणारी नौका सोडून त्याहून कमकुवत राफ्टचा, म्हणजे फुगणाऱ्या तराफ्याचा, आश्रय घेतला होता. त्यामुळे केव्हा थांबायचे आणि केव्हा उतरायचे याचा एकच नियम सांगता येत नाही. पाणी आत येण्याचा वेग, कल वाढतो आहे की स्थिरावला आहे, बाहेरची लाट, मदत किती दूर आहे, हे सारे पाहावे लागते. माझे मत असे की आत थांबवून ठेवणे आणि जहाजावर थांबवून ठेवणे यांत फरक करावा. लाइफ जॅकेट घालून माणसांना मोकळ्या डेकवर, आपापल्या जमण्याच्या जागी आणून उभे करण्याचा आदेश लवकर दिल्याने काही बिघडत नाही. पाण्यात उतरवण्याचा निर्णय त्यानंतर घेता येतो. बहुतेक कप्तान हा पहिला आदेश देतानाच कचरतात, कारण प्रवासी घाबरतील, कंपनी जाब विचारेल, उद्या वर्तमानपत्रात नाव येईल.

इथवर सांगितलेल्या गोष्टी पाण्यात पडण्याआधीच्या आहेत, आणि बहुतेक जीव तिथेच जातात. पाण्यात पडल्यावरचे गणित वेगळे असते, आणि पोहण्याचा प्रश्न तिथे येतो.

पाणी किती थंड आहे यावर पुष्कळ अवलंबून आहे. उत्तरेकडच्या थंड पाण्यात पडलेल्या माणसाचा पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यानेच तो बुडतो. साधारण दहा मिनिटांत बोटे आणि हात कामातून जातात, मग पट्टीचा पोहणाराही हात मारू शकत नाही. आणि तासाभरात शुद्ध हरपू लागते. अरबी समुद्र उबदार आहे, म्हणून ही भीती आपल्याकडे कमी. इथे माणूस थकव्याने, नाकातोंडात जाणाऱ्या लाटांनी आणि एकटा पडल्याने जातो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबई हाय परिसरात पी-३०५ हा बार्ज नांगर तुटून भरकटला, तेलक्षेत्रातील एका फलाटावर आदळला आणि १७ तारखेला बुडाला. बार्ज आणि वरप्रदा ही टगबोट मिळून २७४ जण होते. १८८ वाचले, ८६ गेले. जे वाचले त्यांतले अनेक जण जॅकेटच्या आधारे, एकमेकांना धरून, कित्येक तास उंच लाटांत तरंगत राहिले आणि नौदलाच्या कोची, कोलकाता यांसारख्या युद्धनौकांनी त्यांना शोधून वर घेतले. तिथे पोहून जायला जागाच नव्हती. वादळाचा इशारा मात्र कित्येक दिवस आधीच मिळालेला होता, हे विसरता येत नाही.

म्हणून पोहता येणे उपयोगाचे आहे, पण ते जॅकेटची जागा घेत नाही. पोहणारा माणूस पाण्याला घाबरत नाही, चेहऱ्यावर पाणी आले की श्वास धरतो, दुसऱ्याच्या गळ्याला मिठी मारत नाही, हा त्याचा खरा फायदा. मात्र तरण तलावात पंचवीस फेऱ्या मारणारा माणूसही बूट, पँट आणि डोक्याला लागलेला मार घेऊन लाटांत अर्धा तास टिकेल याची खात्री मी देणार नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार बनवलेले जॅकेट बेशुद्ध माणसालाही काही सेकंदांत उताणे करून त्याचे तोंड पाण्यापासून साधारण १२ सेंटिमीटर वर धरते. बेशुद्ध पडलेल्या पोहणाऱ्याला हे कोण करून देणार?

जॅकेट अंगावर असूनही घोळ होतो तो पट्ट्यांचा. प्रशिक्षणात आम्ही मुलांना उंचावरून तलावात उडी मारायला लावतो. कमरेचा पट्टा सैल ठेवलेला मुलगा पाण्यात शिरतो, पण जॅकेट पाण्यावरच अडते. ते सरकून कानांपर्यंत वर येते, हनुवटी आत जाते, आणि बिचारा दोन्ही हातांनी ते खाली ओढण्यात असा गुंततो की शेजारच्या राफ्टची दोरीही धरू शकत नाही. उडी उंचावरून असेल तर त्याच धक्क्याने मानेला इजा होते. म्हणून एका हाताने नाक धरायचे, दुसऱ्या हाताने जॅकेट छातीशी दाबून ठेवायचे, पाय जुळवायचे, नजर समोर ठेवायची आणि एक पाऊल पुढे टाकायचे, हे आम्ही घोटून घेतो. एकदा दिवे मालवूनही जॅकेट घालायला लावतो. उजेडात मिनिटभराचे काम अंधारात किती लांबते आणि बक्कल उलटे कसे लागते, हे मुलांना स्वतःच्या हातांनी कळते.

दुसरी अडचण जॅकेट कुठे ठेवले आहे याची. गंगापूर धरणावरच्या बोट क्लबला गेलात तर फोटो काढायच्या वेळी जॅकेट काढून मांडीवर घेतलेली मंडळी दिसतील. प्रवासी लाँचमध्ये जॅकेट बाकाखाली किंवा छताच्या फळीवर दोरीने एकत्र बांधलेली असतात. धडक बसल्यानंतर ती सोडवून, वाटून, घालून होणार नाहीत. नीलकमलमधून वाचलेल्या अनेकांनीही सांगितले की धडकेच्या वेळी अंगावर जॅकेट नव्हते. त्यानंतर राज्याच्या सागरी मंडळाने प्रवाशांना जॅकेट घालणे सक्तीचे केले, हे योग्यच झाले. बंदिस्त केबिनमध्ये जॅकेट घालून बसण्यातही धोका आहे, हे मात्र सांगितले पाहिजे. केबिनमध्ये पाणी भरले तर तरंगणारे जॅकेट माणसाला छताला चिकटवते आणि खाली बुडी मारून दारातून निघता येत नाही. म्हणून जॅकेट अंगावर आणि बसायची जागा उघड्या बाजूची, या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात.

यानंतर प्रश्न येतो तो मदतीचा. रामदासवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला काही तास पत्ताच लागला नाही. आज मोठ्या जहाजावर जहाज बुडताना आपोआप सुटून उपग्रहाला संकेत देणारे इपर्ब असते, व्हीएचएफ या बिनतारी संचावर एक कळ दाबून आपत्तीचा संदेश देता येतो, आणि किनाऱ्यावरून कोणालाही तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर कळवता येते. तरी छोट्या बोटींवर एक गोष्ट अजून ढिली आहे, ती म्हणजे प्रवाशांची नोंद. किती माणसे होती हेच ठाऊक नसेल तर शोध केव्हा थांबवायचा ते कळत नाही. नीलकमलच्या वेळी आसपासच्या लाँच, बंदरातील बोटी आणि नौदल, तटरक्षक दल मिनिटांत धावून आले म्हणून शंभराच्या आसपास माणसे वाचली.

हवामान आणि पाण्याचा अंदाज याबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण यातले शहाणपण कोणत्याही नाखव्याला आपल्यापेक्षा जास्त असते. अडचण ते डावलले जाण्याची असते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाणलोटात कुगावहून कळाशीकडे निघालेली लाँच सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. १५ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच गोदावरीत, पण खाली आंध्र प्रदेशात कच्चुलुरूजवळ, पूर असताना निघालेली रॉयल वशिष्ठ ही पर्यटक बोट बुडून पन्नासच्या आसपास माणसे गेली. धरण असो वा नदी, पाणी गोडे आहे म्हणून ते कमी धोक्याचे ठरत नाही. उलट गोड्या पाण्यात माणूस खाऱ्या पाण्यापेक्षा किंचित कमीच तरंगतो.

चौकशी अहवालांत मानवी चूक हे दोन शब्द वाचून आपण पान उलटतो. मला ते पुरेसे वाटत नाहीत. हेरल्डचे दार बंद करायचा माणूस झोपून गेला होता, हे खरे. पण दार बंद झाले की नाही हे ब्रिजवरून (जहाज चालवायच्या जागेवरून) दिसत नव्हते, आणि त्यासाठी दर्शक दिवे बसवा अशी कप्तानांनी आधी केलेली मागणी कार्यालयाने हसण्यावारी नेली होती. झोपलेला माणूस हे त्या अपघाताचे शेवटचे कारण. पहिले कारण किनाऱ्यावरच्या टेबलावर पडले होते. थकव्याचेही तेच. जहाजावरील माणसाला २४ तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, पण दोन बंदरे जवळजवळ असली आणि अधिकारी दोनच असले की तो पाळणे किती अवघड जाते ते मी पाहिले आहे. विश्रांतीची नोंदवही अगदी नीटनेटकी दिसली की मला आधी शंका येते.

आता आपल्या मुलाविषयी. मालवाहू जहाजावर माणसे दगावतात ती दर वेळी जहाज बुडून नव्हे. मोठा वाटा रोजच्या कामातल्या अपघातांचा असतो, आणि त्यांत मला सर्वांत जास्त भीती बंद जागांची वाटते: रिकामी टाकी, साखळी ठेवायची कोठडी, कोळसा किंवा लाकूड भरलेल्या होल्डकडे (माल ठेवायच्या खोल भागाकडे) उतरणारा जिना. लोखंड गंजताना आणि काही माल नुसता पडून असताना हवेतला प्राणवायू शोषला जातो. बाहेर तो २०.९ टक्के असतो. आत तो दहाच्या खाली गेला असेल तर उतरणाऱ्याला वास येत नाही, गुदमरल्यासारखे वाटत नाही, तो दोन-चार श्वासांत कोसळतो. मग वरून पाहणारा मित्र त्याला काढायला धावतो आणि त्याच्या अंगावर पडतो. अशा घटनांत दुसरा आणि तिसरा बळी वाचवायला गेलेल्याचा असतो. त्यामुळे मुलाला बजावून सांगावे की वरची, मधली आणि तळाची हवा मीटरने तपासल्याशिवाय, लेखी परवाना आणि दाराशी उभा माणूस असल्याशिवाय, कोणी कितीही ओरडले तरी आत पाऊल टाकायचे नाही. आणि आत कोणी पडलेला दिसला तर आधी घंटा वाजवायची. बंद जागेतून माणूस बाहेर काढण्याचा सराव दर दोन महिन्यांनी घेणे आता बंधनकारक आहे. तो सराव खरोखर स्ट्रेचर उतरवून होतो की सह्या करून, हे पाहिले की जहाज कसे आहे ते पहिल्या दोन महिन्यांत कळते. ताणलेल्या दोरखंडाच्या रेषेत उभे न राहणे आणि लाइफबोटीच्या सरावात बोट लटकवणाऱ्या आकड्यांना जादा सुरक्षा-दोर लावलेला असल्याची खात्री करणे, या दोन गोष्टीही त्याच यादीतल्या. सरावासाठी उतरवताना निसटलेल्या बोटींनी बरेच खलाशी गमावले आहेत.

घारापुरीला अवश्य जावे. दिवाळीच्या सुमारास समुद्र सहसा शांत असतो. मी स्वतः कुटुंबाला नेतो तेव्हा लाँच भरत आली असेल तर पुढचीची वाट पाहतो. सुट्टीच्या दिवशी परतीची शेवटची लाँच टाळतो, कारण सगळी गर्दी तिलाच होते. चढताच जॅकेट मागून घेतो, फोम दाबून पाहतो. वर्षानुवर्षे उशीसारखे बसायला वापरून तो कडक आणि चपटा झाला असेल तर दुसरे मागतो. मुलांना मोठ्यांचे जॅकेट देऊ नये, ते पाण्यात डोक्यावरून निघून जाते; मुलांच्या मापाचे नसेल तर पायांमधून एक पट्टी घट्ट बांधून घ्यावी. खालच्या बंद भागाऐवजी उघड्या बाजूला, दाराजवळ बसावे. आणि दुसऱ्या बाजूला काही दिसले म्हणून सगळे उठले, तर आपण बसून राहावे.

मुलगा जहाजावर रुजू झाला की पहिल्याच दिवशी त्याने केबिनपासून मोकळ्या डेकपर्यंतची वाट मोजावी, दारे आणि वळणे लक्षात ठेवावीत, आणि मग डोळे मिटून, भिंतीला हात लावत ती एकदा चालून पाहावी. दुसरी वाटही तशीच. त्याच्या आईची काळजी रास्त आहे. पण चांगली देखभाल आणि खरे सराव असलेल्या जहाजावर धोका पुष्कळ कमी होतो, आणि मोडकळीस आलेल्या जहाजावर, पगार थकवणाऱ्या मालकाकडे, तो प्रत्येक बाबतीत वाढतो. त्यामुळे नियुक्ती देणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासावे, नोकरी लावून देण्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबावे, आणि जहाजाचे नाव कळले की ते किती जुने आहे व याआधी कोणत्या बंदरात तपासणीत अडकवून ठेवले होते का, याची चौकशी करावी. जहाजाचे नाव आणि आयएमओ क्रमांक (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) इथे कळवलात तर ती माहिती कुठे पाहायची ते मी दाखवीन.